पुढची डावी सीट

सर्व्हिसिंग करून आणलेली गाडी घरी येऊन चालू झाली नाही, तर शंभरात नव्वद वेळा कुणीतरी काहीतरी परत लावायचं विसरलेलं असतं. हे उत्तरेश्वर मिस्तरीचं ठाम मत होतं आणि ते त्यानं मांजरसुंब्याच्या चौकात एकोणीस वर्षं बॉनेटखाली मान घालून कमावलेलं होतं. शोरूममध्ये गाड्या फार, हात नवे, साहेब काचेच्या खोलीत. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं असा कारभार. एखादी नळी सैल राहते, एखादी वायर जोडायची राहते. एकदा तर त्याला एअर फिल्टरच्या डब्यात भज्यांचा तेलकट कागद सापडला होता, आणि ती गाडी तीन दिवस भज्यांच्या वासानं खोकत होती.

म्हणून राधाकिशन आबांच्या अंगदचा फोन आला तेव्हा त्यानं फारसं मनावर घेतलं नाही. आबांचा मळा लिंबागणेशच्या बाहेर, रस्त्याला लागूनच. उत्तरेश्वरचं घर गावात, तिथून दोन किलोमीटरवर. दुकानावर जाता जाता अर्ध्या तासात काम उरकू असं म्हणून त्यानं मोटारसायकलला अवजारांची पेटी बांधली.

निघताना बबिता दारात उभी होती. तिला नववा महिना होता. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, आणि याआधी दोनदा घरात पाळणा बांधता बांधता राहिला होता. एक पाचव्या महिन्यात गेलं, एक सातव्यात. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. ही दोघं नऊ महिने एकेक दिवस फुंकून काढत होती. उत्तरेश्वरच्या मोबाईलवर सोनोग्राफीतला एक फोटो कायम लावलेला असे. बाळाचा उजवा तळपाय, पाचही बोटं फुलवलेली. डॉक्टरीणबाईंनी सहज छापून दिला होता. गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी हा दिवसातून दहा वेळा फोन उजळून ती बोटं मोजायचा.

"आज जरा गप हाय," बबिता पोटावर हात ठेवून म्हणाली.

"निजलं असंल. कायतरी गोड खा, हालतंय का न्हाई बघ."

"बरं. पर फोन जवळ ठेवा."

माघ संपत आला होता. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ज्वारी काढणीला आलेली, आणि कणसांवरून चिमण्या हाकलायला कुणीतरी पत्र्याचा डबा बडवत होतं. मळ्यातल्या लिंबाखाली, ओसरीच्या अगदी समोर, पांढरी गाडी धुऊन पुसून चकचकीत उभी होती.

अंगद वाटच पाहत होता. बत्तीस वर्षांचा माणूस, गावात बी-बियाणांचं दुकान चालवणारा, बोलायला मोकळा. पण त्या दिवशी त्याच्या डोक्याचे केस बोटभरही वाढलेले नव्हते. आबांना जाऊन चौदाच दिवस झाले होते.

उत्तरेश्वरची एक पद्धत होती. बॉनेट उघडण्याआधी तो गाडीची हकिगत विचारायचा, वैद्यानं नाडीआधी विचारावी तशी.

"शोरूममधून आणली तवा चालू व्हती?"

"व्हती की भाऊ. बीडपासून हितंवर मक्खन आली. हितं लावली, बंद केली, ती केलीच. तीन दिस झाले. शोरूमचा माणूस येऊन गेला, त्याला काय घावलं न्हाई. टोचन लावून आणा म्हनला."

"त्याआधी कायी तरास?"

"कायीच न्हाई. तारीखबी आबांनीच घेतलती सर्व्हिसिंगची. म्हनून तर चुकवली न्हाई."

उत्तरेश्वरला आबा चांगले आठवत होते. धिप्पाड माणूस, एकदा सरपंच होऊन गेलेला, आणि गाडीत कायम पुढच्या डाव्या सीटवर. त्यांची एक खोड सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक होती. कधीकाळी पुण्यात एका लग्नाला जाताना ते चार तास रस्ता चुकले आणि अक्षता पडून पंगत उठल्यावर पोचले. तेव्हापासून पूर्ण पत्ता कळल्याशिवाय ते गाडीची किल्ली फिरवू देत नसत. "कुठं जायचं? कुनाच्या घरी?" हे दोन प्रश्न ठरलेले. शेजारच्या वस्तीवर जायचं असलं तरी विचारायचे, आणि उत्तर मिळेपर्यंत गाडी जागची हलायची नाही. लोक हसायचे.

"शेवटालाबी तेच इचारलं," अंगद गाडीकडं न बघता म्हणाला. "पहाटं छातीत दुखाया लागलं. हितंच बसवलं, पुढं. मांजरसुंब्याच्या घाटात दुसऱ्या वळणाला म्हनले, अंगद, कुठं चाललोय आपन? मी दवाखान्याचं नाव सांगोस्तोवर मान टाकली."

उत्तरेश्वरनं एकदा त्या सीटकडं बघितलं. त्यानं बॉनेट उघडलं.

पेट्रोलच्या इंजिनाला तीन गोष्टी लागतात: पेट्रोल, हवा आणि ठिणगी. या तिन्ही वेळेवर मिळाल्या की त्याला चालू होण्यावाचून गत्यंतर नसतं. त्यानं किल्ली फिरवली. इंजिन गरगर फिरलं पण पेटलं नाही. बॅटरी भरलेली. एअर फिल्टर नवाकोरा, नळ्या घट्ट, एकूण एक वायर जागेवर. त्यानं एक प्लग काढून बाहेर धरला आणि अंगदला किल्ली फिरवायला सांगितली. निळीशार ठिणगी टकटक पडली. पेट्रोलचा दाब मोजला, बरोबर होता. स्कॅनर लावला. स्कॅनर म्हणाला, दोष नाही.

तिन्ही गोष्टी होत्या, आणि गाडी चालू होत नव्हती. एकोणीस वर्षांत असं झालं नव्हतं. नाचता येईना अंगण वाकडं, असं शोरूमच्या माणसाबद्दल तो मघाशी मनात म्हणाला होता. आता तोच अंगण न्याहाळत उभा होता.

शेवटी तो चालकाच्या सीटवर बसला आणि डॅशबोर्डकडं नीट बघितलं. किल्ली अर्धी फिरवल्यावर सगळे दिवे लागले आणि एकेक करून विझले. एक तेवढा राहिला. शेजारच्या सीटवर बसलेल्या माणसानं पट्टा लावलेला नाही, असं सांगणारा लाल दिवा. शेजारची सीट रिकामी होती.

त्याला हसू आलं. शोरूममध्ये साबणाच्या फेसानं सीट धुतात, खालच्या सेन्सरला ओल लागते, मग तो बिचारा बरळत राहतो. त्यानं हात लावून पाहिला. सीट कोरडी होती, तीन दिवसांच्या उन्हानं चांगली तापलेली. मधोमध मात्र एक खोलगट भाग होता आणि तिथं हाताला गार लागलं. त्यानं सीटखाली हात घालून सेन्सरची वायर काढून टाकली.

दिवा तसाच होता.

वायर तुटून कुठंतरी बॉडीला टेकत असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. हात बाहेर काढला तर बोटं पांढरी झाली होती. वास घेतला. ज्वारीचं पीठ, गिरणीतून आत्ता आणावं तसं ताजं. त्यानं पंखा चालू केला. समोरच्या चारही जाळ्यांमधून पिठाचा बारीक भुरका उडाला आणि डॅशबोर्डवर येऊन बसला.

तेवढ्यात अंगदची आई, छबुबाई, चहा घेऊन आली. सत्तरीची, किडकिडीत, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. ती गाडीच्या डाव्या बाजूनं आली, आणि येताना तिनं डोक्यावरचा पदर पार कपाळापर्यंत ओढून घेतला, मान खाली घातली. बॉनेटला वळसा घालून ती उजव्या बाजूला आली, उत्तरेश्वरच्या हातात कप दिला, तेव्हा पदर पुन्हा मागं सरकलेला होता. परत जातानाही डाव्या अंगाला तिनं तसंच केलं. गाडीच्या त्या बाजूला तिचा सासरा नव्हता की दीर नव्हता. तिथं एक लिंबाचं झाड होतं आणि गाडीचं बंद दार होतं.

"काकूंना दिसत न्हाई का नीट?" उत्तरेश्वरनं विचारलं.

"दिसतंय की." अंगदनं विषय तोडला.

"हे पीठ कशाचं रे, अंगद? ताकाला जाऊन भांडं लपवू नगंस. गाडीत काय केलतं तुमी?"

अंगद तोंड उघडणार, तोच उत्तरेश्वरचा फोन वाजला. पडद्यावर तो तळपाय उजळला आणि त्यावर बबिताचं नाव.

"अवो," बबिताचा आवाज अगदी हळू होता. "हालतच न्हाई. गूळ खाल्ला, पानी पिले, डाव्या कुशीवर पडले. सकाळपासून एकदाबी न्हाई. डॉक्टरीणबाईंला फोन केला, त्या म्हनल्या लगेच घेऊन या."

त्याच्या हातातला कप कधी खाली पडला ते त्याला कळलं नाही. सातव्या महिन्यातलं ते दुसरं, तेव्हाही बबिता हेच वाक्य बोलली होती. हालत न्हाई.

त्यानं अॅम्ब्युलन्सला फोन केला. गाडी दुसरा पेशंट घेऊन गेली होती, यायला तासभर लागेल म्हणाले. मोटारसायकलवर बबिताला बसवायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच महिन्यात बजावलं होतं. गावातल्या चारचाकी गाड्या सकाळीच वऱ्हाड घेऊन कड्याला गेल्या होत्या. शेजारची सत्यशीला बबिताजवळ येऊन बसली होती, एवढाच काय तो आधार.

"भाऊ, तुमी ही चालू करा, आपन हिच्यातच नेऊ वैनीला," अंगद म्हणाला. "तवर मी मांजरसुंब्याला जाऊन मिळंल ती गाडी घेऊन येतो. जी आधी होईल ती." मोटारसायकलवर टांग टाकता टाकता तो थांबला, आणि मान खाली घालून एका दमात बोलून गेला. "पीठ आबांचं हाय. दहाव्याच्या राती घातलेलं. ते मी कुनी बघायच्या आधीच शोरूमला नेलं."

तो गेला. उरलेलं छबुबाईनं सांगितलं.

माणूस जिथं जीव सोडतो तिथं दहाव्याच्या रात्री दिवा लावायचा, पीठ पसरायचं आणि वर टोपलं पालथं घालायचं, ही त्यांच्या घरची रीत. सकाळी अंघोळ करून टोपलं उचलायचं. पिठात ज्याचं पाऊल उमटलेलं असेल, त्या जन्माला जीव गेला. चिमणीचं, गाईचं, मुंगीची रांग, माणसाचं. आबांनी जीव सोडला तो गाडीत, म्हणून पीठ गाडीतच घातलं, पुढच्या डाव्या सीटवर पांढरं फडकं अंथरून. सकाळी छबुबाई अंघोळीला गेली होती. अंगदला सर्व्हिसिंगची वेळ गाठायची होती, आणि खरं म्हणजे पिठात बघायची त्याची हिंमत होत नव्हती. त्यानं डोळे दुसरीकडं करून टोपलं बाजूला ठेवलं आणि गाडी काढली. शोरूममध्ये फडकं झटकलं गेलं, सीटवर मशीन फिरलं.

"कुनीच बघितलं न्हाई," छबुबाई म्हणाली. "मंग जावं कुठं त्यांनी? बसून हाईत."

उत्तरेश्वर एरवी अशा गोष्टींवर हसला असता. देवाचं करावं, पण गाडीत देव आणू नये, हे त्याचं नेहमीचं वाक्य. त्या दिवशी त्याला हसायला सवड नव्हती. अजून दोन रिले बदलून बघायचे होते. तो किल्लीला हात घालायला वळला, तर किल्ली जागेवर नव्हती. छबुबाईनं ती काढून कनवटीला खोचली होती.

"काकू, किल्ली द्या. माझी बायको..."

"ऐकलं म्या. म्हनूनच सांगते. पीठ घालते, पाऊल उठू दे, मंग फिरव किल्ली. त्याबिगर चालू व्हायची न्हाई ती."

सत्तर वर्षांच्या विधवा बाईच्या कनवटीला हात घालणार कोण? तो घड्याळाकडं बघत उभा राहिला. तिनं घरातून पांढरं फडकं आणलं, पीठ आणलं. डाव्या दारापाशी येताच पदर पुढं ओढला. सीटवर फडकं पसरून त्यावर मुठीनं पीठ सोडलं, तळहातानं सारखं केलं आणि टोपलं पालथं घातलं. हे सगळं तिनं इतकं सावकाश केलं, की उत्तरेश्वरला ओरडावंसं वाटलं. मग ती दिवा आणायला आत गेली.

फोन उजळून त्यानं बघितला. सहा मिनिटं गेली होती. तो छोटा तळपाय, पाच बोटं.

अशी म्हातारी संध्याकाळपर्यंत पाऊल उमटायची वाट पाहील, हे त्याला दिसत होतं. आणि मग त्याला त्याची आई आठवली. घरात लेक नव्हती, म्हणून महालक्ष्म्यांच्या सणाला दारापासून देवघरापर्यंत पावलं उठवायचं काम त्याच्याकडं असे. मूठ वळायची, करंगळीकडची बाजू टेकवायची, की बाळाचा तळपाय होतो. वर बोटांच्या टोकांनी पाच ठिपके द्यायचे. त्याचा हात त्यात बसलेला होता.

त्यानं टोपलं उचललं. मूठ वळून पिठात टेकवली. उजवं पाऊल उमटलं, छान, गुबगुबीत. मग अंगठा. मग एक बोट, दुसरं, तिसरं.

ओसरीवर पावलं वाजली.

करंगळीला वेळ मिळाला नाही. त्यानं टोपलं झाकलं, हात पँटला पुसला आणि उजवीकडून येऊन चालकाच्या सीटवर बसला. लाल दिवा लागलेलाच होता. किल्ली काढलेली असताना तो लागायला नको होता, हे त्याच्या तेव्हा ध्यानातच आलं नाही.

छबुबाईनं दिवा सीटखाली ठेवला. हात जोडले. त्याला वाटलं होतं, ती बसून वाट बघेल. तिनं तसं काही केलं नाही. लगेच टोपलं उचललं आणि वाकली, इतकी वाकली की तिचं नाक पिठाला लागेल असं वाटलं.

"मानसाचं हाय," ती म्हणाली. "लेकराचं."

तिनं कनवटीची किल्ली काढून त्याच्यापुढं धरली. उत्तरेश्वरनं ती हिसकल्यासारखी घेतली.

गाडीत एकाएकी गार झालं होतं. पिठाचा वास इतका दाट, की घशाला कोरड पडली.

छबुबाई मान खाली घालून डाव्या दाराशी उभी होती. ती बोलली ते उत्तरेश्वरला उद्देशून होतं, असं त्याला वाटलं. पण तिचं तोंड सीटकडं होतं आणि आवाज तिचा नेहमीचा नव्हता. कुणाचा तरी निरोप सांगावा तसा होता.

"इचारतेत, कुठं जायचं? कुनाच्या घरी?"

त्याच्या डोक्यात एकच घर होतं. तिथल्या खाटेवर बबिता डाव्या कुशीवर पडलेली होती आणि पोटात काही हालत नव्हतं. बिघडलेल्या गाडीशी गोंजारून बोलायची सवय प्रत्येक मिस्तरीला असते. तो किल्ली घालत बोलून गेला.

"माझ्या घरी. चल माझ्या राजा, माझ्या घरी चल."

किल्ली अर्धी फिरली नसेल. इंजिन सुरू झालं.

पहिल्याच झटक्यात, काहीच न झाल्यासारखं. लाल दिवा विझला.

त्यानं शेजारी बघितलं. सीटचा खोलगट भाग हळूहळू वर येत होता, उठून गेलेल्या माणसाच्या मागं गादी भरून यावी तसा. वरच्या फडक्यावरचं पीठ सरकलं, पाऊल मोडलं.

फोन वाजला.

"हाललं!" बबिता रडत होती, हसत होती. "अवो, आत्ता हाललं! केवढ्यानं! सत्यशीलावैनीला बाहेरून दिसलं. असं कवाच न्हवतं हाललं!"

बबिताला मागच्या सीटवर आडवी करून तो चाळीस मिनिटांत बीडला पोचला. घाटात दुसऱ्या वळणाला त्याचा पाय आपोआप ब्रेकवर गेला, पण गाडी मुकाट्यानं चालत राहिली. डॉक्टरीणबाईंनी ठोके ऐकले, उत्तम होते. "किती वेळ हालचाल नव्हती म्हणालात?" त्यांनी दोनदा विचारलं, कागदाकडं बघून मान हलवली, आणि तिला दाखल करून घेतलं. चौथ्या दिवशी पहाटे मुलगा झाला. चांगला सव्वातीन किलोचा. उत्तरेश्वर दवाखान्याच्या जिन्यात बसून लहान पोरासारखा रडला. अकरा वर्षांचं सगळं त्या जिन्यात वाहून गेलं.

नर्सनं बाळ आणून हातात दिलं, तेव्हा तिनंच हळू आवाजात सांगितलं. घाबरायचं काही नाही, चालण्या-पळण्यात काही फरक पडणार नाही. उजव्या पायाला चार बोटं आहेत.

त्यानं दुपटं बाजूला केलं. अंगठा, आणि शेजारी तीन बोटं. करंगळीच्या जागी कातडी गुळगुळीत होती, तिथं कधी काही नव्हतंच अशी.

त्यानं फोन उजळला. पाच बोटं. पुन्हा मोजली. पाच. डॉक्टरीणबाईंना फोटो दाखवला, तर त्या म्हणाल्या की सोनोग्राफीत सावल्या पडतात, बोटं अशी मोजायची नसतात. हे पटण्यासारखं होतं. त्यालाही ते पटवून घ्यायचं होतं. रात्री बबिता झोपल्यावर त्यानं तो फोटो पुसून टाकायला बोट टेकवलं, आणि त्याला वाटलं, आपण कुणालातरी पुसतोय. पाच बोटांचं ते कुणीतरी, त्या सकाळी गप झालं होतं. त्यानं फोटो तसाच ठेवला आणि फोन पालथा घातला.

बाराव्या दिवशी बारसं होतं. अंगदनं छबुबाईला गाडीतून आणलं. गाडीनं त्या दिवसानंतर एकदाही तक्रार केली नव्हती. छबुबाईच्या हातात बाळासाठी कुंची आणि अंगडं होतं. उत्तरेश्वरनं तिला अंगणातच अडवलं. पंधरा दिवस मनात दाबून ठेवलेली गोष्ट ती आत जायच्या आधी त्याला सांगून टाकायची होती.

"काकू, एक सांगायचं व्हतं. त्या दिशी पिठातलं पाऊल मी उठवलं. माझ्या मुठीनं. खोटं व्हतं ते."

"ठावं हाय मला," छबुबाई म्हणाली. "पिठाला ग्रीसचा वास येत व्हता."

"मंग कावून बोलल्या न्हाई?"

"काय बोलू? पन्नास वर्सं संसार केला. त्यांना पत्ता कुनीतरी सांगावाच लागायचा, सोताहून कवा कुठं गेले न्हाईत. तू सांगितला." तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्या हातात माया होती, आणि तीच त्याला सोसवेना. "उपकार झाले बाबा तुजे."

ती आत गेली. पाळण्याभोवती बायका होत्या, त्यांनी जागा करून दिली. तिनं बाळाच्या तोंडाकडं बघितलंच नाही. पायावरचं दुपटं बाजूला केलं आणि उजवं पाऊल तळहातावर घेतलं. बोटानं मोजत गेली, आणि चौथ्यानंतर तिचं बोट त्या गुळगुळीत जागेवर थांबलं.

बाळ जागं होतं. रडत नव्हतं.

"घ्या की काकू मांडीवर," बबिता हौसेनं म्हणाली.

"न्हाई बाई," छबुबाई म्हणाली. तिचा आवाज एकदम लहान झाला होता. "आराम करू दे त्यांना."

आणि तिनं डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढून घेतला, मान खाली घातली.